फुटलेला तुकडा कुठे जाईल? वेगाने फिरणाऱ्या रोटरच्या चाचणीसाठी संरक्षक कवच कसं बनवावं

भोसरीतल्या एका शेडमध्ये मी नवीन असताना ब्लोअरच्या इंपेलरची (हवा ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाची) चाचणी चालू होती. व्यास ४५० मिलीमीटर, वेग २,९०० आरपीएम, भोवती वेल्डमेश जाळीचा गार्ड. सुरू करून चार मिनिटं झाली आणि एका पात्याचं वेल्डिंग सुटलं. आवाज एवढा तोकडा होता की आधी वाटलं बेल्ट तुटला. मग वर बघितलं, तर छताच्या पत्र्यातून उन्हाचा पट्टा खाली येत होता. पातं जाळी फाडून, पत्रा भेदून शेजारच्या शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत पडलं होतं. वजन केलं तर जेमतेम चारशे ग्रॅम. कोणाला लागलं नाही, कारण त्या दिशेला कोणी उभं नव्हतं. बचावाचं याखेरीज दुसरं काही कारण नव्हतं.

नंतर हिशोब केला. ते पातं साधारण ५८ मीटर प्रति सेकंद वेगाने निघालं होतं आणि त्यात सुमारे ६६० ज्यूल ऊर्जा होती, म्हणजे दहा किलोचं वजन पावणेसात मीटरवरून सोडल्याइतकी. जाळी फिरत्या भागात हात जाऊ नये म्हणून असते, सुटलेला तुकडा अडवायला नसते. ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपल्याकडच्या बहुतेक वर्कशॉपमध्ये एकच गार्ड दोन्ही करेल असं गृहीत धरलं जातं. हा लेख दुसऱ्या कामाबद्दल आहे.

सगळीकडे एकच उदाहरण वापरतो, म्हणजे आकडे हातात राहतील: पोलादी चकती, व्यास ३०० मिलीमीटर, जाडी २५ मिलीमीटर, वजन १३.९ किलो, कामाचा वेग १२,००० आरपीएम. तुमचा रोटर वेगळा असेल, पण पायऱ्या याच.

पायरी १ : कोणत्या वेगासाठी डिझाइन करायचं ते आधी ठरवा

इथेच पहिली चूक होते. ड्रॉइंगवर १२,००० लिहिलंय म्हणून कवचही १२,००० साठी करतात. पण चाचणी म्हणजे मुद्दाम जास्त फिरवणं. कॉम्प्रेसरच्या इंपेलरसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय ६१७ या मानकात कमाल अखंड वेगाच्या किमान ११५ टक्के वेगाने, किमान एक मिनिट फिरवायला सांगितलं आहे. आपल्या चकतीसाठी ते १३,८०० झाले. ओव्हरस्पीड ट्रिप (वेग मर्यादेबाहेर गेला की मशीन आपोआप बंद करणारी यंत्रणा) त्याच्याही वर बसवावी लागते, समजा १४,४०० वर. कवच या १४,४०० साठी हवं. ट्रिप लागल्यावरही रोटर क्षणभर वर जात असेल, तर तो वाढावाही धरा.

ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग २० टक्के वाढला की ऊर्जा ४४ टक्के वाढते. केंद्रापसारक ताणाचंही तसंच.

१९६९ मध्ये इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंट ए वीजकेंद्रात नेहमीच्या ओव्हरस्पीड चाचणीत टर्बाइनची चकती फुटली. तेव्हा वेग सुमारे ३,२०० आरपीएम होता, म्हणजे रोजच्या ३,००० पेक्षा थोडासाच वर. कारण होतं बोअरमधल्या (शाफ्टसाठीच्या भोकातल्या) की-वेत, म्हणजे चावी बसण्याच्या खाचेत, वाढलेली बारीक भेग. चकती कुठून फुटते हे समजायला हे उदाहरण चांगलं आहे. भरीव चकतीत सगळ्यात जास्त ताण मध्यभागी असतो, आणि तिथे शाफ्टसाठी लहानसं भोक पाडलं तरी तो दुप्पट होतो. आपल्या चकतीत १४,४०० ला भरीव असताना मध्यभागी साधारण १६६ मेगापास्कल येतात, बोअर पाडल्यावर ३३१. साध्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटची यील्ड, म्हणजे ती कायमची ताणली जायला लागते तो ताण, २५० असते, म्हणजे साध्या एमएसची बोअर असलेली चकती या वेगाला मुळात फिरवूच नये. की-वेच्या कोपऱ्यात ताण आणखी साचतो. म्हणून रोटर मशीनवर चढवण्याआधी बोअर आणि की-वेची डाय पेनेट्रंट तपासणी (भेगेत रंग झिरपवून ती दाखवणारी) करा. कास्टिंग असेल तर ब्लो होलसाठी अल्ट्रासॉनिक किंवा रेडिओग्राफी करून घ्या. शिरोलीहून आलेलं कास्टिंग बाहेरून आरशासारखं असलं तरी आत पोकळी असू शकते. हे त्या फाउंड्रीला नावं ठेवायला लिहीत नाही, ओतकामाचा स्वभावच तसा आहे.

पायरी २ : किती तुकडे होतील, आणि सर्वात वाईट कोणते

चकतीची एकूण ऊर्जा म्हणजे जडत्व आघूर्णाचा निम्मा भाग गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. आपल्या चकतीचं जडत्व आघूर्ण ०.१५६ किलोग्रॅम-वर्गमीटर. १४,४०० आरपीएम म्हणजे १,५०८ रेडियन प्रति सेकंद. ऊर्जा आली सुमारे १,७७,००० ज्यूल.

ही सगळी ऊर्जा एका ठोशात कवचावर येत नाही. तुकडा सुटतो तेव्हा तो पुढेही जातो आणि स्वतःभोवती फिरतही राहतो. भोक पाडायचं काम मुख्यतः पुढे जाण्याची ऊर्जा करते. फिरण्याची ऊर्जा घासण्यात, वाकवण्यात आणि उष्णतेत जाते.

चकतीचे दोन अर्धे झाले, तर प्रत्येक अर्ध्यात ऊर्जेचा मोठा वाटा असतो, पण त्यातला ३६ टक्केच पुढे जाण्यात असतो. चार झाले तर ७२ टक्के पुढे जाण्यात, पण प्रत्येकाचा वाटा लहान. तीन तुकड्यांत हे प्रमाण ६१ टक्के येतं, आणि एका तुकड्याचा ठोसा इथेच सर्वात मोठा होतो. १४,४०० ला अर्ध्या तुकड्याचा ठोसा सुमारे ३२ किलोज्यूल, पाव तुकड्याचाही तेवढाच, आणि एक-तृतीयांश तुकड्याचा ३६ किलोज्यूल. म्हणून भरीव चकतीसाठी १२० अंशांचे तीन तुकडे धरून डिझाइन करण्याची पद्धत आहे. विमानाच्या इंजिनांच्या बाबतीतही हाच एक-तृतीयांश तुकडा धरतात.

आपला तुकडा मग असा: वजन ४.६ किलो, वेग १२५ मीटर प्रति सेकंद. एक टन वजनाची कार ताशी ३० किलोमीटरने भिंतीवर आदळते तेवढी ऊर्जा, पण काडेपेटीपेक्षा लहान जागेत.

पातेदार इंपेलर असेल तर दोन्ही हिशोब करा, एक पातं सुटल्याचा आणि हब तिघांत फुटल्याचा. पातं हलकं असलं तरी अणकुचीदार असतं. पातळ पत्र्यासाठी कधी कधी तेच जास्त घातक ठरतं.

पायरी ३ : प्लेटची जाडी

पोलादी प्लेट तुकड्याने आरपार जाऊ नये म्हणून किती जाड हवी, याच्या पहिल्या अंदाजासाठी अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीचं सूत्र वापरतात. टर्बाइनचे उडणारे तुकडे अडवण्याच्या अणुवीजकेंद्रांतल्या डिझाइनमध्येही ते वापरलं गेलं आहे. मिलीमीटर आणि ज्यूलमध्ये ते असं मांडता येतं:

तुकड्याची ऊर्जा ज्यूलमध्ये घ्या, १.४४ ने भागा. आलेल्या संख्येचं घनमूळ काढा आणि त्याचा वर्ग करा. त्याला तुकड्याच्या आदळणाऱ्या भागाच्या व्यासाने भागा. ही आरपार जाण्याच्या सीमेवरची जाडी. तिला १.२५ ने गुणा.

व्यास म्हणजे आदळणाऱ्या क्षेत्रफळाइतक्या वर्तुळाचा व्यास. आपला तुकडा कोपऱ्याने आदळेल की सपाट कडेने, हे आधी सांगता येत नाही. म्हणून लहान क्षेत्रफळ धरायचं. २५ मिलीमीटर जाडी आणि साधारण ४० मिलीमीटर लांबीचा संपर्क धरला, तर १,००० वर्ग मिलीमीटर, म्हणजे व्यास ३५.७.

आता ३५,९०० भागिले १.४४ म्हणजे २४,९३०. घनमूळ २९.२, वर्ग ८५३. भागिले ३५.७ म्हणजे २३.९. गुणिले १.२५ म्हणजे ३० मिलीमीटर. बाजारात ३२ ची प्लेट मिळते, ती घ्या. हाच हिशोब १२,००० आरपीएमला केला असता तर २३.४ आले असते आणि आपण २५ ची प्लेट लावून मोकळे झालो असतो. पहिल्या पायरीवर एवढा वेळ का घालवला, ते या सात मिलीमीटरमध्ये दिसेल.

हा अंदाज आहे, दाखला नव्हे. हे सूत्र कठीण, न चिरडणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्यांवरून आलं आहे आणि आपला तुकडा तसा नसतो. अंतिम डिझाइन आघाताचं काम जाणणाऱ्या अभियंत्याकडून तपासून घ्या. शक्य असेल तर एक्सप्लिसिट एफईए (आघाताचं संगणकावरचं विश्लेषण) करून घ्या. पण हाताने काढलेला हा आकडा जवळ असला की सॉफ्टवेअरमधून आलेला १२ मिलीमीटरचा आकडा तुम्ही डोळे मिटून स्वीकारणार नाही.

फॅब्रिकेटर हमखास विचारतो, "साहेब, ३२ रोल होत नाही, १६-१६ चे दोन थर मारू का?" नाही. याच सूत्रात प्लेट अडवू शकते ती ऊर्जा जाडीच्या दीडाव्या घाताने वाढते. १६ च्या दोन सुट्या प्लेटा मिळून ३२ च्या एका प्लेटच्या सुमारे ७१ टक्केच ऊर्जा अडवतात. जाड प्लेट रोल होत नसेल तर जाड भिंतीच्या सीमलेस पाइपचा तुकडा किंवा फोर्ज केलेली रिंग शोधा. त्यात उभा वेल्डही नसतो, हा आणखी एक फायदा.

पायरी ४ : धातू कोणता

कवच कठीण असावं असं वाटतं. पण ते चिवट असावं लागतं. आयएस २०६२ ची साधी एमएस प्लेट वाकते, फुगते, ताणली जाते, आणि त्या ताणण्यातच ऊर्जा खाते. कडक केलेली ठिसूळ प्लेट तीच ऊर्जा घेताना तडकते आणि स्वतःचे तुकडे उडवते. कास्ट आयर्नचं जुनं हाउसिंग भंगारातून आणून कवच म्हणून लावलेलं मी पाहिलं आहे. जाडी भरपूर होती, दिसायला भक्कम. मी ते काढायला लावलं. कास्ट आयर्न ताणात तुटतं, वाकत नाही, आणि चाचणीच्या वेळी ते कवच नसून दुसरा बॉम्ब असतं.

प्लेट थंड असतानाच घट्ट व्यासात रोल केली असेल, तर तिचा चिवटपणा कमी होतो. रोल झाल्यावर नॉर्मलायझिंग (तापवून हवेत थंड करणं) करून घ्या. मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक) प्लेटवरच्या शिक्क्याशी स्वतः ताडून बघा.

काँक्रीटच्या भिंतीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तुकडा आरपार गेला नाही तरी मागच्या बाजूने खपल्या उडतात, आणि माणसं मागच्याच बाजूला असतात. काँक्रीट वापरायचंच असेल तर मागे पोलादी पत्रा जोडून घ्या. वाळूची पोती बाहेरचा दुसरा बंदोबस्त म्हणून चांगली आहेत. पण उन्हात पोत्याचा धागा कुजतो, वाळू खाली बसते, आणि वरच्या ओळीत फट पडते. दर उन्हाळ्यानंतर ती रचून घ्यावी लागतात.

पायरी ५ : आकार आणि थर

चौकोनी पेटी बनवायला सोपी, पण तुकडा कोपऱ्यात अडकला की सगळा जोर एका जागी येतो. गोल रिंगमध्ये तुकडा आतल्या बाजूने घसटत फिरतो आणि ऊर्जा परिघावर वाटली जाते. जमेल तिथे गोलच करा.

आपल्या उदाहरणात मी असं करेन. रोटरभोवती ४०० मिलीमीटर आतल्या व्यासाची, १० मिलीमीटर जाडीची आतली रिंग. ही बदलता येण्याजोगी, बळी द्यायचीच. मग ४० मिलीमीटर मोकळी जागा, आणि त्याबाहेर ५०० आतल्या व्यासाची ३२ जाडीची मुख्य रिंग. आतल्या रिंगेमुळे तुकड्याचा पहिला जोर मोडतो आणि धारदार कोपरा बोथट होतो. तिची ताकद मी हिशोबात धरत नाही. मोकळी जागा तिला फुगायला असते. ती भरून टाकली की तिचा उपयोग निम्मा जातो. तिथे कोणी कापडी बोळे किंवा हत्यारं ठेवत नाही ना, ते बघा.

रिंगची उंची किती? तुकडे नेमके चाकाच्या पातळीतच उडत नाहीत, थोडे तिरपे जातात. विमानाच्या इंजिनांसाठी एक-तृतीयांश चकतीला दोन्ही बाजूंना ३ अंश, मध्यम तुकड्यांना ५ अंश आणि लहान तुकड्यांना १५ अंश धरतात. आपल्या रिगमध्ये (चाचणीच्या मांडणीत) बेअरिंग आधी गेलं तर शाफ्टच तिरपा होतो, म्हणून मी १५ पेक्षा कमी कधी धरत नाही. रोटरच्या कडेपासून मुख्य रिंगेपर्यंत १०० मिलीमीटर, तिथे १५ अंश म्हणजे २७ मिलीमीटर. त्यात रोटरची जाडी आणि शाफ्ट सरकण्याची शक्यता मिळवून २५० मिलीमीटर उंचीची रिंग घ्या.

शाफ्ट आडवा ठेवायचा की उभा? उभा. आडव्या शाफ्टच्या रोटरचे तुकडे छताकडे, जमिनीकडे आणि दोन्ही बाजूंना जातात. उभ्या शाफ्टचे सगळे आडव्या पातळीत जातात. आणि रिग जमिनीखालच्या खड्ड्यात असेल तर त्या पातळीत फक्त माती असते. मोठ्या स्पिन पिटमध्ये रोटर बारीक, लवचीक शाफ्टवर वरून टांगतात आणि आतली हवा काढून घेतात. निर्वातात हवेचं घर्षण नसल्यामुळे लहान मोटारही पुरते आणि रोटर तापत नाही. शिवाय फुटल्यावर तेलाची वाफ किंवा धातूची पूड पेट घेण्याचा धोका कमी होतो. टायटॅनियम किंवा मॅग्नेशियमचा रोटर असेल तर हे सोयीचं नव्हे, आवश्यक आहे.

पायरी ६ : जोड, झाकण, दार, खिडकी

प्लेट सहसा मधे फाटत नाही. जोडावर उघडते. म्हणून वेळ इथे घाला.

रिंगचा उभा वेल्ड पूर्ण खोलीचा असू द्या आणि अल्ट्रासॉनिकने तपासा. फिलेट वेल्डवर (नुसत्या कोपऱ्यात भरलेल्या वेल्डवर) आघात सोपवू नका.

तुकडे वरच्या झाकणालाही लागतात, कारण रिंगवर आदळून ते वर-खाली उसळतात. झाकण नुसतं वर ठेवलं तर ते उडतं. बोल्ट आखूड असतील तर तुटतात. लांब बोल्ट आणि त्याभोवती स्लीव्ह वापरा, म्हणजे बोल्टला ताणायला लांबी मिळते. तो तुटण्याऐवजी लांबतो आणि ऊर्जा खातो. ही युक्ती स्वस्त आहे आणि फार कमी ठिकाणी दिसते.

दार आतून चौकटीवर टेकणारं करा, म्हणजे आतून ठोसा बसला की ते आणखी घट्ट बंद होईल. बाहेरून टेकणाऱ्या दाराचा सगळा भार कडीवर आणि बिजागरीवर येतो. दाराच्या कडेला सरळ फट नको. पायरीसारखी घडी द्या, जेणेकरून आतून बाहेर सरळ रेषेत काहीच दिसणार नाही. तपासायची रीत साधी आहे. रात्री आत दिवा लावा, शेडमधले दिवे बंद करा आणि भोवती फेरी मारा. जिथून उजेड दिसतो, तिथून तुकडाही येतो. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा सेन्सरच्या केबलसाठी पाडलेल्या भोकातून उजेडाची रेघ थेट ऑपरेटरच्या खुर्चीवर पडली होती. त्यानंतर प्रत्येक केबल वाकड्या पाइपमधून बाहेर आणली.

खिडकीबद्दल माझं मत ठाम आहे: रोटरच्या पातळीत खिडकी नकोच. आत कॅमेरा बसवा. अगदीच लागली तर रोटरच्या पातळीपासून दूर, आरशातून बघता येईल अशी. काच किंवा ॲक्रिलिक कधीही नको, दोन्ही फुटून धारदार कपच्या होतात. पॉलिकार्बोनेट चिवट असतं, पण ठोसा बसल्यावर ते धनुष्यासारखं वाकतं आणि चौकटीतून निसटतं. म्हणून चौकटीत त्याची कड खोलवर दाबलेली हवी. तेल, कूलंट आणि साफसफाईच्या द्रवांनी ते आतून ठिसूळ होत जातं, बाहेरून स्वच्छ दिसलं तरी. बसवल्याची तारीख त्याच्या कडेवर कोरा आणि उत्पादकाने दिलेली मुदत संपली की बदला. अजून चांगलं आहे म्हणून ठेवू नका.

पायरी ७ : पाया आणि बोल्ट

तुकडा अडला म्हणजे संपलं नाही. तो जोर कुठेतरी जातो, आणि तो जातो फाउंडेशनमध्ये.

तीन आकडे काढा. पहिला, फिरकीचा. आपल्या चकतीचा कोनीय संवेग २३५ न्यूटन-मीटर-सेकंद आहे. तो पाच मिलिसेकंदांत रिंगमध्ये उतरला तर ४७,००० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. बोल्ट ३५० मिलीमीटर त्रिज्येवर असतील तर एकूण १३४ किलोन्यूटन, म्हणजे साडेतेरा टनांच्या वर. दुसरा, बाजूच्या धक्क्याचा. एकच तुकडा आधी आदळला तर त्याचा संवेग ५७६ न्यूटन-सेकंद. दोन मिलिसेकंदांत थांबला तर सरासरी २८८ किलोन्यूटन, सुमारे २९ टन, एका बाजूला. तिसरा, आणि सर्वात मोठा: एक-तृतीयांश तुकडा निघून गेल्यावर उरलेला रोटर अजून फिरत असतो. त्या असंतुलनाचा जोर त्या क्षणी ८७० किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे ८८ टन. हा जोर बेअरिंगवर येतो. बेअरिंग आणि त्याचं हाउसिंग तो पेलू शकत नाही, म्हणून शाफ्टसकट सगळं आत कोसळेल हे धरूनच चाला. मोटार, कपलिंग आणि शाफ्टचा बाहेरचा भागही झाकलेला हवा.

आठ बोल्टांवर भार समान वाटला जाईल असं धरू नका. धक्क्याच्या बाजूचे दोन-तीन बोल्टच आधी उचलले जातात. अँकर बोल्ट जुन्या फरशीत ड्रिल मारून बसवलेले असतील, तर बोल्टच्या आधी काँक्रीटच उपटून येईल. रिगसाठी सळई असलेला वेगळा पाया घाला, बोल्ट सळईच्या जाळीखाली अडकवा, आणि ग्राउट पूर्ण पिकल्याशिवाय रोटर चढवू नका.

पायरी ८ : चाकाच्या पातळीत काय आहे ते बघा

चाकाची पातळी कवचाबाहेर मनात लांबवत न्या, भिंतीपर्यंत. त्या पट्ट्यात काय काय येतं?

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क फुटली. टायटॅनियममधल्या जन्मजात दोषापासून वाढलेली भेग हे कारण. तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. सू सिटीला विमान उतरवताना शंभरहून अधिक माणसं गेली. तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या, पण तिन्हींच्या नळ्या तुकड्यांच्या वाटेत होत्या.

आपल्या देशातलं उदाहरण नरोऱ्याचं. ३१ मार्च १९९३ रोजी तिथल्या अणुवीजकेंद्रात टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. त्यामुळे झालेल्या असंतुलनाने जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन गळला, आग लागली, तेल पेटलं, केबली जळल्या आणि केंद्राचा वीजपुरवठा गेला. पाती दोनच होती. बाकी सगळं मागाहून झालं.

लहान रिगवर हेच लहान प्रमाणात होतं. ल्युब ऑइलची नळी रोटरच्या पातळीतून जात असेल तर तुकडा ती तोडतो, आणि तापलेल्या धातूवर तेलाचा फवारा येतो. तेलाची टाकी, इमर्जन्सी स्टॉपची केबल, गॅस सिलिंडर, पॅनेल, सगळं त्या पट्ट्याच्या बाहेर हलवा. स्टॉप बटणाची वायर चाकाच्या पातळीत असेल तर गरज पडेल नेमकी तेव्हाच ती तुटेल.

माणसांसाठी जमिनीवर लाल पट्टा मारा. सहा मीटरवर १५ अंश म्हणजे दोन्ही बाजूंना १.६ मीटर. चाचणी चालू असताना त्या पट्ट्यात कोणी उभं राहायचं नाही, चहावालाही नाही. कवच कितीही चांगलं असलं तरी.

पायरी ९ : वेग आणि कुलूप

कवच ज्या वेगासाठी केलं, त्याच्या वर रोटर जाऊच शकणार नाही याची सोय कवचाइतकीच महत्त्वाची आहे. व्हीएफडीत (मोटारचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये) कमाल फ्रिक्वेन्सी घाला आणि पासवर्ड टाका. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण कोणीतरी पुली बदलली की व्हीएफडीला ते कळत नाही. थेट रोटरच्या शाफ्टवर वेगळा सेन्सर बसवा आणि त्याची ट्रिप वेगळ्या रिलेवर घ्या. एअर टर्बाइनने फिरवत असाल तर हवेचा व्हॉल्व्ह वीज गेल्यावर बंद होणारा हवा. कपलिंग तुटलं की भार गेलेली टर्बाइन स्वतःच पळते, म्हणून सेन्सर तिच्या बाजूलाही एक.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३० खास फिरणाऱ्या यंत्रांसाठी घातलं गेलं. ग्राइंडिंग व्हीलजवळ सुरक्षित परिघीय वेगाची पाटी लावा आणि फिरणारी भांडी, बास्केट, फ्लायव्हील, चकत्या यांचा सुरक्षित वेग ओलांडला जाऊ नये याची व्यवस्था करा, असं त्यात होतं; २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. साखर कारखान्यात सेंट्रिफ्यूगलवर (वेगाने फिरणाऱ्या जाळीदार बास्केटमधून साखरेतली मळी काढणाऱ्या यंत्रावर) काम केलेल्या माणसाला बास्केट हा शब्द तिथे का आला ते सांगावं लागत नाही. आपल्या रिगवरही अशी पाटी लावा: कमाल आरपीएम, कमाल व्यास, कमाल वजन. तीनही. जास्त जड रोटर कमी वेगाने चढवला तरी ऊर्जा वाढू शकते.

दाराचं इंटरलॉक नुसता स्विच नको. स्विच मोटार बंद करतो, पण रोटर फिरतच राहतो, आणि निर्वातात तर बराच वेळ. वेग शून्य झाल्याशिवाय उघडणारच नाही असं गार्ड लॉकिंग बसवा.

पायरी १० : पहिली फेरी, आणि फुटल्यानंतर

नवा रोटर आधी बॅलन्स करा, मग टप्प्याटप्प्याने वर न्या. प्रत्येक टप्प्यावर कंपन लिहा. क्रिटिकल स्पीड (ज्या वेगाला कंपन शिगेला पोचतं तो) रेंगाळत पार करू नका. कंपन एकदम वाढलं तर वेग आणखी वाढवून ते जातं का बघण्याचा मोह आवरा आणि खाली आणा. बॅलन्सिंग मशीनवरच्या कवचांसाठी आयएसओ २१९४०-२३ हे वेगळं मानक आहे. बॅलन्सिंगचं काम करणाऱ्यांनी ते जरूर वाचावं.

कधीतरी रोटर फुटेल. तेव्हा लगेच उघडू नका. वेग शून्य, वीज बंद, आत आग नाही याची खात्री, आणि मगच. उघडल्यावर आधी फोटो, मग हात.

आतली रिंग बाहेर काढून उजेडात ठेवली की सगळं वाचता येतं. जिथे तुकडा पहिल्यांदा लागला तिथे खोल, कोयत्यासारखा वाकडा व्रण असतो. तिथून पुढे तो घसटत गेलेला लांब पट्टा, कडेला निळा-जांभळा रंग चढलेला, घर्षणाने पोलाद किती तापलं ते सांगणारा. मग दुसरा व्रण, उथळ. आमच्याकडच्या फिटर मामांनी एकदा नुसतं बोट फिरवून सांगितलं होतं की तिसरा तुकडा पहिल्या दोघांनंतर सुटला, कारण त्याचा पट्टा आधीच्या पट्ट्यावरून गेला होता. कॅमेऱ्यात नंतर तेच दिसलं.

आतली रिंग बदला, सरळ करून परत लावू नका. मुख्य रिंगचा व्यास चार ठिकाणी मोजा. कुठेही फुगली असेल तर तिचाही चिवटपणा खर्च झाला आहे. बोल्ट सगळे नवे, ताणलेले असोत वा नसोत. उभा वेल्ड पुन्हा तपासा. आणि सगळ्यात खोल व्रणात व्हर्नियरची डेप्थ पट्टी घालून खोली मोजा, तो आकडा चाचणीच्या वहीत वेग, तुकड्याचं वजन आणि प्लेटच्या जाडीशेजारी लिहा. पुढच्या कवचाची जाडी ठरवताना सूत्रातून आलेला आकडा याच ओळीसमोर ठेवून बघायचा आहे.